बंद व्हायच्या वेळेचं गाणं

पावणेआठला भोंग्यातून ते गाणं लागायचं.
बालातोनच्या काठावर खांब, खांबावर भोंगा,
भोंग्याला गंज, आणि गंजाच्या आतून एक बाई
इटालियनमध्ये काहीतरी मागायची.
काय मागते ते कुणालाच कळत नसे.
माझ्या लेखी अर्थ एवढाच :
गॅस बारीक कर, एटेल्का,
उरलेलं पीठ झाकून ठेव,
नाणी मोज.

लांगोश तळते मी. पन्नास उन्हाळे झाले.
तेलातून निघालेली फुगीर पोळी,
वर लसणाचं पाणी, आंबट साय.
लोक माझ्या गावी सुट्टीला येतात.
मी सुट्टीतच राहते,
म्हणून ती मला कधी मिळाली नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन तंबू शेजारी लागत,
एक लाइपझिगचा, एक हानोफरचा.
बहीण ह्या जर्मनीतली, भाऊ त्या.
मध्ये भिंत. म्हणून हे तळं.
तो कॉफी आणायचा, मोजे, जीन्सच्या पँटी,
ती आणायची आईचे नवे फोटो
आणि घरच्या झाडाच्या चेरीचा मुरंबा.
गाणं लागलं की दोघं पाण्यात जाऊन उभी राहत,
गुडघाभर
(आमचं तळं उथळ, पाचशे पावलं चाला, छाती कोरडी)
आणि बाईच्या वरताण ओरडत, शब्द वाट्टेल ते.
शेवटच्या संध्याकाळी मात्र
गाणं लागलं रे लागलं की ती उठायची
आणि भांडी घासायला बसायची.
घासलेलीच भांडी.

मग भिंत पडली.
टीव्हीवर पाहिलं आम्ही. मी रडलेसुद्धा.
पुढच्या ऑगस्टला पीठ जास्त मळलं.
कुणी आलं नाही.
का येतील? आता त्यांना सगळे समुद्र मोकळे होते.
भोंगा कधी काढला, आठवत नाही.
खांब आहे. त्याच्यावर बगळा असतो, कधी नसतो.

गेल्या सप्टेंबरात, खुर्च्या उलट्या करून झाल्यावर,
एक म्हातारी आली काठी टेकत.
पोळी घेतली, अर्धी खाल्ली, आणि हवेत बोट फिरवून म्हणाली,
इथे एक गाणं असायचं.
माझं जर्मन सुटे पैसे देण्यापुरतं.
तरी मी म्हणाले, रोझविता?
आणि लगेच, न थांबता : एकार्ट?
तिनं माशी हाकलावी तसा हात हलवला.
मग सावकाश, मला कळेल असं :
भिंत पडल्यावर वीस वर्षं
आम्ही तीन तासांच्या रस्त्यावर राहिलो.
भेटलो चारदा.
त्यातले दोनदा वकिलाकडे, आईच्या घरापायी.

माझ्या नातवानं, झोम्बोरनं, फोनवर गाणं शोधून दिलं.
बाई स्वच्छ गात होती. गंज नाही, वारा नाही,
मागे कुणाचं पोर रडत नाही.
पाव्हण्याकडचं जेवण जेवावं तसं
आम्ही दोघींनी शेवटपर्यंत ऐकलं.
हे नव्हे, रोझविता म्हणाली.

आणि तिनंच सुरू केलं, फाटक्या आवाजात.
दोन ओळी आल्या, तिसरीला अडली.
तिसरी माझ्या तोंडून निघाली.
चौथी दोघींनी म्हटली, आणि तीच चूक,
त्याच जागी, तोच अर्थ नसलेला शब्द.
तेव्हा कळलं मला :
भोंग्यातलं मला कधी नीट ऐकूच आलं नव्हतं.
मी शिकले होते ते पाण्यातल्या त्या दोघांकडून,
कढईमागे उभी राहून.
एक आवाज तिचा. दुसरा, खालचा,
इतकी वर्षं मी म्हणत होते.

तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
सुटे पैसे द्यायचं जर्मन तिथवर पोचत नाही.
गाणं संपलं तर पाहते,
माझ्या हातानं आपसूक गॅस बारीक केलेला.
आणखी एक तळ, ती म्हणाली.
पीठ झाकलेलं होतं. मी उघडलं.